मजुरी : शून्य

'व्हीलर डीलर्स'च्या प्रत्येक भागाचं शेवटचं मिनिट मला पाठ आहे. गाडी धुऊन-पुसून उन्हात उभी असते. माइक ब्रूअर गिऱ्हाइकाशी घासाघीस करतो, दोघं हात मिळवतात, गिऱ्हाईक गाडी घेऊन निघून जातं. मग हिशेब येतो. गाडी एवढ्याला घेतली, पार्ट्सना एवढे लागले, एवढ्याला विकली. नफा इतके पाउंड.

या हिशेबात एक ओळ नसते. एड चायना नावाचा उंचापुरा माणूस मधला सगळा वेळ गाडीखाली पाठ टेकून काम करत होता, त्याच्या कामाचे पैसे. ते कुठेच धरलेले नसतात. यात लपवाछपवी काही नाही. नियमित बघणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं, त्यावर वर्षानुवर्षं विनोद होत आलेत. मीही हसायचे.

मी हा कार्यक्रम शाळेत असल्यापासून बघतेय. २००३ साली तो ब्रिटनमध्ये सुरू झाला, आपल्याकडे डिस्कव्हरीच्या वाहिन्यांवर यायचा, आता त्याचे तुकडे फोनवर सापडतात. गेली तीन वर्षं मी कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायच्या खटपटीत आहे. म्हणजे हा कार्यक्रम मी दोनदा बघितला असं म्हणता येईल : एकदा नुसती प्रेक्षक म्हणून, आणि एकदा हाताला ग्रीस लागलेलं असताना. दुसऱ्या वेळी तो बराच वेगळा दिसला. आधी आवडला होता त्याहून जास्त आवडला, आणि त्याचं शेवटचं मिनिट बघवेना.

*

आधी आवडण्याबद्दल. कार्यक्रमाचा साचा अगदी सरळ आहे. पहिल्या भागात माइक जुनी गाडी शोधतो आणि विकत घेतो. मधल्या भागात एड ती दुरुस्त करतो. तिसऱ्या भागात माइक ती विकतो. सुरुवातीला बाजार, शेवटी बाजार, मध्ये काम. एक बोलणारा, एक करणारा. पोर्शे असो, मिनी असो, साब असो, साचा तोच.

या साच्यात मधला भाग नुसता भरणा म्हणून उरकता आला असता. गाड्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत तसंच होतं : ठिणग्या उडतात, गिटार वाजते, कुणीतरी कुणावर तरी ओरडतं आणि डेडलाइनच्या आत गाडी तयार होते. एडच्या भागात कुणी ओरडत नाही. नारिंगी हातमोजे घातलेले दोन हात दिसतात आणि शांत आवाजात तो सांगत असतो : हे इथून का गळतंय, हे सोडायच्या आधी ते का सोडायचं, हा पार्ट नवा घ्यायचा की आहे तोच दुरुस्त होईल. बिघाड म्हणजे त्याच्यासाठी एक प्रश्न असतो. तो सोडवताना आपल्यालाही विचार करायला लावतो. हाताने काम करणारा माणूस त्याच वेळी डोक्यानेही काम करत असतो, ही साधी गोष्ट टीव्हीवर इतक्या सहजपणे दिसलेली मला दुसरीकडे आठवत नाही.

यामागे ब्रिटनची एक मोठी परंपरा आहे. तिथे घराशेजारच्या छोट्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी गाडी खोलून बसणं हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला छंद. त्याचा धर्मग्रंथ म्हणजे हेन्सची पुस्तकं. जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिलं पुस्तक काढलं. पद्धत अशी की खरी गाडी पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि ते करताना काढलेले फोटो छापायचे. या पुस्तकांत मला आवडणारी एक लहानशी गोष्ट आहे. प्रत्येक कामाच्या डोक्यावर पान्ह्यांची चित्रं असतात, एक ते पाच. एक पान्हा म्हणजे नवशिक्यालाही जमेल. पाच पान्हे म्हणजे हे मुरलेल्या माणसाचं काम. कागदावर का होईना, काम किती अवघड आहे याची मोजणी तिथे आहे. एड या पुस्तकांच्या घराण्यातला माणूस आहे. पण तो ज्या कार्यक्रमात आला, त्याच्या हिशेबात पान्ह्यांना जागा नव्हती.

*

आता ते शून्य. समजा, एका गाडीवर पन्नास तास काम झालं. समजा, ब्रिटनमधल्या साध्या गॅरेजने तासाला चाळीस पाउंड लावले. झाले दोन हजार. शेवटच्या मिनिटात दिसणारा नफा कित्येकदा याहून कमी असतो. म्हणजे मजुरी धरली, तर नफ्याच्या जागी तोटा येतो. तोटा आला की माइकची घासाघीस फुकट जाते आणि जुनी गाडी घ्या, नीट करा, विका, कमवा ही मूळ गोष्टच कोसळते. मजुरीची ओळ विसरून राहिलेली नाही. ती नाही म्हणूनच कार्यक्रम उभा आहे.

आणि इथे एक विचित्र विसंगती तयार होते. ज्या कार्यक्रमाने हाताच्या कामाकडे इतक्या आदराने बघायला शिकवलं, तोच शेवटी त्या कामाची किंमत शून्य लावतो. एडला त्याचं मानधन मिळत असणारच, प्रश्न त्याच्या खिशाचा नाही. प्रश्न आपल्या नजरेचा आहे. शेकडो वेळा तो हिशेब बघितला की वाटायला लागतं, खर्च म्हणजे पार्ट. काम आपोआप होतं.

आपल्याकडे ही सवय लावायला टीव्हीची गरज नव्हती म्हणा. कुठल्याही गॅरेजच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहा. पार्ट्सचं बिल माणसं निमूट देतात, कारण खोक्यावर एमआरपी छापलेली असते. मजुरीच्या आकड्यावर बोट ठेवून मात्र प्रत्येक जण म्हणतो, "एवढं लेबर कसलं? दोन तर नट फिरवले." मीही एका गॅरेजात हे वाक्य बोललेय. तेव्हा मी एकही नट फिरवलेला नव्हता.

*

म्हणून एका नटाची गोष्ट. आमच्या फियाटच्या (पद्मिनीला घरात कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात) एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं होतं. नवं गॅस्केट टाकायला मॅनिफोल्ड काढायचा, तो काढायला स्टडवरचे नट सोडायचे. वाक्य म्हणून हे सोपं आहे. गाडी शेडमध्ये कित्येक पावसाळे नुसती उभी होती. नट आणि स्टड गंजून एकजीव झाले होते.

शनिवारी रात्री सगळ्या नटांवर डिझेल सोडून ठेवलं. रविवारी मामा आले. मामा म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री. आयुष्यभर फियाट आणि अँबॅसिडर केल्या, आता गॅरेज बंद करून घरी असतात. त्यांनी नट गॅसने तापवला, गरम असतानाच त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. मग मला म्हणाले, "आधी थोडा आवळ. मग सोड. लगीच उलटा फिरवलास तर तुटनार." आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. असे बाकीचे निघाले. शेवटच्याला माझा धीर सुटला. पान्ह्याला पाइप लावला आणि जोर दिला. नट फिरतोय असं वाटलं, बरंही वाटलं, आणि टक् झालं. नटासकट स्टडचं डोकं माझ्या हातात.

मामा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, तुटायच्या आधी हाताला काय लागलं? मी आठवून सांगितलं, क्षणभर मऊ लागलं. "तेच," ते म्हणाले. सुटणारा नट आधी कडक असतो आणि मग एकदम सैल पडतो. तुटणारा स्टड पीळ खाऊन मऊ लागतो. त्या मऊपणाला थांबायचं असतं. हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलेलं नाही. सापडणारही नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळतं.

हेडच्या बाहेर स्टडचं दोन-तीन मिलिमीटर टोक उरलं होतं. पुढच्या रविवारी मामांनी वेल्डिंगचं मशीन आणलं. त्या टोकावर नवा नट वेल्ड केला. फिरवल्यावर तो निघून आला. पुन्हा केला, पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा वेल्ड केल्यावर ते चहा प्यायला बसले आणि गार होऊ दे म्हणाले. मग स्टड निघाला, कुरकुरत, पण अख्खा. एका स्टडला दोन रविवार. माझ्या एक्सेलमध्ये त्याची नोंद आहे : स्टड आणि नट, ४० रुपये.

'व्हीलर डीलर्स'मध्ये अडकलेले बोल्ट दिसत नाहीत असं नाही. दिसतात, एड त्यावर एखादा शेरा मारतो, मग कट होतो आणि बोल्ट त्याच्या हातात असतो. संकलनाला पर्याय नाही, दोन रविवार कोण बघणार? पण त्या कटमध्ये नुसता वेळ जात नाही. चूक जाते, वाट बघणं जातं आणि त्या वाट बघण्यातून जे कळतं तेही जातं. कामातलं ज्ञान बहुतेक वेळा त्या कापलेल्या भागात असतं. वेळ दिसेनासा झाला की मजुरी शून्य धरायला कुणालाच काही वाटत नाही.

*

हा ताण एक दिवस उघड्यावर येणारच होता. २०१७च्या मार्चमध्ये एडने यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकून आपण कार्यक्रम सोडतोय असं जाहीर केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं : निर्मिती अमेरिकेतल्या व्हेलॉसिटी वाहिनीकडे गेल्यावर त्यांना दुरुस्तीच्या भागातला बारकावा कमी करायचा होता, कारण तोच भाग चित्रित करायला सगळ्यांत अवघड होता. तपशील कमी झाला तर कामाचा दर्जा आणि आपली पत दोन्ही जाईल, असं त्याला वाटत होतं. जगभरचे प्रेक्षक हळहळले. नंतर अँट अँस्टेड आला, तोही गाड्या स्वतः बांधणारा कुशल माणूस. कार्यक्रम चालू राहिला.

त्या वेळी मला ही कलावंत आणि वाहिनी यांच्यातली नेहमीची भांडाभांडी वाटली होती. आज वाटतं, शेवटच्या मिनिटातला हिशेब तिथे पूर्ण झाला. ज्या गोष्टीची किंमत इतकी वर्षं शून्य धरली, ती एक दिवस महाग वाटू लागली. काम दाखवायला वेळ लागतो, आणि वेळ तर हिशेबात कधीच नव्हता.

त्याच्या पुढची पायरी तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे. रिस्टोरेशनचे रील्स. गंजलेली गाडी, कट, सँडब्लास्टिंग, कट, रंग, कट, आरशासारखं बॉनेट. चाळीस सेकंद. बोलणारा गेला, बाजार गेला, आणि करणाऱ्याचा चेहराही गेला. उरले दोन हात. मी ते रात्री झोपण्याआधी बघते, खोटं कशाला बोलू, छान झोप लागते. पण एडच्या भागातून मी ब्रेकचं व्हील सिलिंडर खोलायला शिकले. रील्समधून मी काहीही शिकलेली नाही. गंज आणि चकाकी यांच्यामध्ये जे काही आहे ते तिथे नुसतं फास्ट फॉरवर्ड आहे.

*

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हौसेला मोल नसतं. घरच्या गॅरेजमध्ये कुणी तास मोजायला जातं का? गाणं शिकणारा रियाजाचे तास लावून मैफिलीचं बिल करत नाही. रविवारी दुपारी फियाटखाली पडून असताना मला आठवडाभरातली सगळ्यात शांत दोन तासांची सोबत मिळते. त्याचे मीच कुणाला तरी पैसे द्यायला हवेत. मग एडच्या तासांचा हिशेब नाही म्हणून गळा काढण्यात काय अर्थ?

मॅथ्यू क्रॉफर्डच्या 'शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट' (२००९) या पुस्तकात या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. क्रॉफर्डने राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, वॉशिंग्टनच्या एका विचारगटात काही महिने नोकरी केली, ती सोडली आणि व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला पडलेला पेच असा : एखाद्या जुन्या बाइकमधला बिघाड शोधता शोधता मेकॅनिकचं कुतूहल त्याला खोल घेऊन जातं. गिऱ्हाइकाला तेवढ्याची गरज नसते. मग कुतूहलाचे तास बिलात धरायचे का? तो स्वतःशी प्रामाणिकपणे भांडतो आणि सगळे तास लावत नाही. म्हणजे धंदेवाईक मेकॅनिकच्या कामातही हौस असते, आणि ती तो स्वतःच्या खिशातून भरतो.

हे वाचल्यावर मला दोन शून्यं वेगळी दिसायला लागली. एक शून्य माणूस स्वतः लिहितो, स्वतःच्या नावापुढे, आनंदाने. दुसरं शून्य दुसरा कुणीतरी त्याच्या नावापुढे लिहितो. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

पहिलं शून्य टोकाला नेऊन दाखवणारा सिनेमा आपल्याकडे १९५८ सालीच होऊन गेला. ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक', सुबोध घोष यांच्या कथेवरचा. छोट्या गावातला टॅक्सीवाला बिमल आणि त्याची मोडकळीला आलेली जुनी शेवरोले, जगद्दल. सगळं गाव हसतं. बिमल तिच्याशी बोलतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतल्यावर ती तहानलेल्या माणसासारखी घटाघट पिते, असा आवाज घटक देतात. बिमलही हिशेब ठेवणारा माणूस आहे, टॅक्सीवरच पोट भरतो. पण एक वेळ अशी येते की तो जवळचं सगळं तिच्यात घालतो, नवे पार्ट बसवतो, आणि गाडी तरीही त्याला सोडून जाते. शेवटी ती भंगारात निघते. मागे राहतो तिचा हॉर्न, एका लहान पोराच्या हातात, आणि तो वाजल्यावर बिमलच्या चेहऱ्यावर आलेलं हसू.

'व्हीलर डीलर्स'च्या पद्धतीने मांडायचं तर हा निव्वळ तोटा. पण तोटा कुणाचा आणि कुणी पत्करला याबद्दल घटक प्रेक्षकाला जराही अंधारात ठेवत नाहीत. बिमलच्या नावापुढचं शून्य बिमलनेच लिहिलेलं आहे. त्याचा प्रत्येक दिवस पडद्यावर दिसतो, म्हणून ते हसू अंगावर येतं. एडचे दिवस दिसत नाहीत, म्हणून त्याच्या शून्याचा विनोद होतो.

*

हे सगळं मी मनात जुळवत होते तेव्हा मला वाटत होतं की मी टीव्हीबद्दल विचार करतेय.

माझं एक्सेल चांगलं नीटनेटकं आहे. गाडी काकांची, त्यामुळे खरेदी शून्य. ब्रेकची किट, रबरं, कार्बोरेटरचं सामान, उद्यमनगरातल्या लेथवर करून घेतलेली कामं, फूटबोर्डचा कुजलेला पत्रा कापून नवा लावला त्याचा खर्च. तारखेसह सगळं. मे महिन्यात एका ओळखीच्याने विचारलं, तयार झाल्यावर विकणार का, आणि एक आकडा सांगितला. विकायची नव्हतीच, पण उत्सुकतेपोटी मी खाली बेरीज केली आणि आकड्यातून वजा केली. नफा दिसला. मी आईला हाक मारून दाखवला, अगदी माइक ब्रूअरसारखा.

आईने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "मामांचे कुठायत?"

मामांचे नव्हते. त्यांच्या नावाची ओळच नव्हती. त्यांनी कधी मागितले नव्हते, मी कधी विचारले नव्हते. आपुलकीने येतात, जुन्या गाडीत त्यांचा जीव रमतो, दुपारी आपल्याकडे जेवतात, असं मी धरून चालले होते. हे सगळं खरंही होतं. "आणि जेवण कोण करतंय, ते राहू दे," असंही आई जाता जाता म्हणाली.

पुढच्या रविवारी मी विचारलं. कसं विचारावं हे आठवडाभर ठरवत होते, शेवटी सरळच विचारलं, "मामा, आत्तापर्यंतचे किती द्यायचे तुम्हाला?" मला वाटत होतं ते संकोचतील, नको म्हणतील, मग मी आग्रह करीन. त्यांनी कापडाला हात पुसले. कुठे बघितलं नाही, बोटं मोजली नाहीत.

"चौदा ऐतवार झालं," ते म्हणाले. "आठशेनं धर."

आकडा त्यांच्याकडे तयार होता. मी विचारायची ते वाट बघत होते, की विचारलं नसतं तर तसेच येत राहिले असते, हे मला माहीत नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. अकरा हजार दोनशे रुपये. त्यांनी नोटा मोजून घेतल्या, खिशात ठेवल्या आणि म्हणाले, पुढच्या वेळी कार्बोरेटर खोलू, रॉकेल आणून ठेव.

आता एक्सेलमध्ये मामांची ओळ आहे आणि दर रविवारी ती वाढते. माझ्या तासांचा रकाना मी केला होता, तो पुन्हा काढून टाकला. ते माझं शून्य आहे, मी लिहिलेलं. आईच्या जेवणाचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, आधी गाडी चालू कर, मग बोलू.

'व्हीलर डीलर्स' मी अजून बघते, एडचे जुने भाग. मधला भाग अजूनही तितकाच सुंदर आहे, आणि ज्या कुणाला गाडी समजून घ्यायची आहे त्याला मी तोच बघायला सांगेन. हिशेब आला की मात्र मनातल्या मनात त्यात एक ओळ घालते. तासांचा अंदाज आता मला थोडाफार लागतो. बहुतेक भागांत माइक बुडालेला असतो.